अडुळशाचे पान आणि मायक्रोवेव्हची काही मिनिटे

नाशिकच्या आसपास शेताच्या बांधावर अडुळशाचे कुंपण आजही दिसते, कारण त्याच्या उग्र वासाच्या, कडू पानांना शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. या पानांतील प्रमुख अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य, म्हणजे व्हॅसिसीन. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध त्याच्याच अभ्यासातून घडले.

थंडीत खोकला सुरू झाला की घरोघरी ही पाने पातेल्यात टाकून पाणी चतुर्थांश उरेपर्यंत आटवतात. इथे उष्णता बाहेरून आत जाते, म्हणजे आधी पातेले तापते, मग पाणी आणि शेवटी पान. त्यामुळे पेशीभित्तिकेआडची द्रव्ये हळूहळू पाझरतात. गरम द्रावक (द्रव्ये विरघळवून घेणारा द्रव) पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या, १८७९ पासून वापरात असलेल्या सॉक्सलेट उपकरणातही एका नमुन्याला कित्येक तास द्यावे लागतात.

मायक्रोवेव्हने अर्क काढण्याची रीत निराळी आहे. लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ असते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असल्याने सेकंदाला २४५ कोटी वेळा आवर्तन घेणाऱ्या विद्युतक्षेत्राबरोबर तो वळू पाहतो आणि शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या रेटारेटीतून उष्णता निर्माण होते. सावलीत वाळवून हाताने चुरलेल्या पानातही थोडा ओलावा उरतोच. तोच आतून तापतो, त्याची वाफ होते, दाब वाढून पेशीभित्तिका फाटतात आणि तासांचे काम मिनिटांत उरकते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती हेक्झेनची: हा द्रावक लहरी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे त्यात बुडवलेले ओले पान तापते आणि भोवतालचा द्रव बराच थंड राहतो. व्हॅसिसीनसाठी मात्र पाणी व इथेनॉल (स्पिरिटमधले अल्कोहोल) यांचे मिश्रण अधिक सोयीचे, आणि ते लहरीही चांगल्या शोषते.

वेळ वाचतो म्हणून लहरींचा मारा लांबवणे योग्य नाही, कारण जास्त उष्णतेने नाजूक रेणू मोडतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमध्ये तर स्पिरिट कधीही ठेवू नये. त्याची वाफ पेट घेऊ शकते. प्रयोगशाळेतील यंत्रात तापमान आणि दाब यांवर सतत नियंत्रण असते. अर्क दाट झाला की मात्रेचा प्रश्नही गंभीर होतो: व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदर स्त्रियांनी अडुळसा टाळावा असे सांगतात.

मोठ्या टाकीत ही पद्धत अडते, कारण पाण्यासारख्या द्रवात लहरी काही सेंटिमीटरच शिरतात आणि मधला भाग गार राहतो. त्यामुळे टाकी भरून तापवण्याऐवजी पानांचा चुरा व द्रावक यांचे मिश्रण अरुंद नळीतून लहरींसमोरून सतत वाहते ठेवण्याचा मार्ग पत्करला जातो.