दुकानांच्या दर्शनी सजावटीतील जुनी शिवणयंत्रे

हाताने किंवा पायाने चालणारी जुनी शिवणयंत्रे कपड्यांच्या दुकानात, शिंप्याच्या दालनात किंवा कॅफेत शोभेसाठी मांडण्याची पद्धत. अशी मांडलेली मशिने विकायची नसतात आणि त्यांवर शिवणही होत नाही. इथला कपडा कुणाच्या तरी कसबी हातांतून उतरला आहे, असे गिऱ्हाइकाला वाटावे, हा त्यांचा हेतू असतो.

शिवणयंत्र दुकानाच्या काचेमागे प्रथम आले ते विक्रीसाठी. आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि त्यांच्या कंपनीने पुढील काही वर्षांतच सजवलेली दालने उघडून तिथे स्त्रियांकडून यंत्रे चालवून दाखवण्यास सुरुवात केली. शोभेची वस्तू म्हणून यंत्रांचा सर्वांत ठळक वापर केला तो ऑलसेंट्स या १९९४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश वस्त्रसाखळीने. तिच्या अनेक दुकानांत दर्शनी काचेच्या आत फळ्यांवर फळ्या रचून मशिनांच्या रांगा लावलेल्या असत. त्या काळ्या रांगांवरूनच लांबून दुकान ओळखू येई. पुढे इतर अनेक दुकानांनी याचे लहानमोठे अनुकरण केले.

एवढी मशिने मिळू शकली, कारण ती मुळात प्रचंड संख्येने बनली होती. सिंगरने १८५६ पासून हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि महागडे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील या कंपनीच्या कारखान्यात १९१३ या एका वर्षात १३ लाखांहून अधिक मशिने तयार झाली. जर्मनीची फाफ, इंग्लंडची जोन्स यांचे उत्पादन वेगळेच. बिडाचा सांगाडा आणि पोलादी भाग यांमुळे ही यंत्रे मोडेनात, पण तयार कपडे स्वस्त झाले, विजेवरची झिगझॅग मशिने आली आणि जुनी माळ्यांवर गेली. म्हणूनच शंभर वर्षांचे मशीन म्हणजे दुर्मीळ ठेवा, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. सिंगरच्या मशीनचे वय पाटावरील, म्हणजे यंत्राच्या सपाट तळावरील, क्रमांकावरून समजते. १९०० पासून या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येऊ लागले.

या सजावटीत एक विसंगती आहे, ती लक्षात घ्यायला हवी. काचेमागची बहुतांश मशिने घरगुती असतात. त्यांवर मुलांचे कपडे, पडदे, उसवलेल्या शिवणी आणि ठिगळे शिवली गेली. कपड्यांच्या कारखान्यांतली यंत्रे जड, वेगवान आणि दिसायला रुक्ष असत, त्यामुळे ती मांडणीत क्वचितच दिसतात. म्हणजे दुकान ज्या कारागिरीचा आभास निर्माण करते, ती प्रत्यक्षात घराघरांतल्या बायकांच्या शिवणकामाची आहे. मशीनजवळ तेवढे लिहिलेली एखादी पाटी लावली, तर मांडणी खरी होईल आणि तिची शोभाही वाढेल.

मांडणी करताना पहिला प्रश्न वजनाचा. बिडाचे एक हातमशीन साधारण दहा ते पंधरा किलो भरते. त्यामुळे शंभर मशिनांची भिंत हजार किलोंच्या पुढे जाते आणि फळ्यांचा आधार थेट भिंतीत किंवा जमिनीत घ्यावा लागतो. पायमशीनचा वरचा भाग पाटाखालच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केले की सुटतो, पण तो नुसता ठेवला तर नीट बसत नाही, कारण शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग, चालवणारे दांडे खाली आलेले असतात. त्याला लाकडी बैठक लागते. सुई काढून ठेवणे आवश्यक आहे. सुटा झालेला लोखंडी पायांचा सांगाडा बरेचदा टेबल बनवायला वापरतात.

खरे नुकसान होते ते साफसफाईत. काळ्या रोगणावरची सोनेरी नक्षी हा पातळ छाप असतो आणि त्याचे रक्षण करणारा थर बहुधा लाखेचा असतो. स्पिरिटने पुसल्यास लाख विरघळते आणि नक्षीही पुसली जाते. त्याऐवजी शिवणयंत्राचेच तेल मऊ कापडावर घेऊन हलकेच पुसावे. तेल वाळून चिकट झाल्याने चाक अडले असेल, तर थोडे थोडे तेल सोडून, धीर धरून ते सोडवता येते. सतत ऊन येणाऱ्या काचेपासून मशीन दूर ठेवणे बरे.

संग्राहकांचा मुख्य आक्षेप आहे तो चालू मशिने कायमची निकामी करण्याला: भोके पाडून फळीला जखडणे, एकसारखा रंग फासणे, दिव्याचे वायरिंग घालण्यासाठी आतला फिरणारा दांडा (शाफ्ट) काढणे. हा आक्षेप रास्त आहे. टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स ही ब्रिटिश संस्था अशीच जुनी मशिने दुरुस्त करून आफ्रिकेतील कारागिरांकडे पाठवते. सिंगरच्या २७, २८, ६६ आणि ९९ या मॉडेलांना आज बाजारात मिळणारी साधी घरगुती सुई चालते आणि त्यांच्या बॉबिनही अजून बनतात. म्हणून सजावट संपल्यावर मशीन पुन्हा कामाला लावता येईल अशीच मांडणी हवी: पट्ट्याने बांधावे, चिकटवू नये, सुटे भाग आणि शटल पिशवीत घालून त्याच मशीनसोबत ठेवावे. मागून मोटर जोडलेली मशिने मात्र वेगळी तपासावी लागतात. त्यांच्या जुन्या तारांवरचे रबर कडक होऊन तडकलेले असते आणि तारा बदलल्याशिवाय त्यांना वीज देणे धोक्याचे असते.