घरात पुराचे पाणी शिरल्यानंतर : पंचनामा, विमा आणि आमचा तपासणी अहवाल

सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्यानंतर गाळाने भरलेले फ्रिज आणि वॉशिंग मशीन घेऊन आमच्या उपकरण-दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या अनेकांचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, भरपाईचा होता. त्यासाठीच हे माहितीपत्रक काढले आहे.

शासकीय मदत आणि विमा हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. तलाठ्यांनी पंचनामा केला म्हणून विमा कंपनीला नुकसान कळत नाही, आणि सर्व्हेअर (विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला माणूस) पाहून गेला म्हणून तहसील कार्यालयात नोंद होत नाही. दोन्हीकडे आपणच कळवावे लागते.

शासकीय मदत पंचनाम्यावर ठरते. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत पक्क्या घराच्या किमान 15 टक्के पडझडीला 6,500 रुपये, आणि पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट प्रदेशात 1,20,000 व डोंगराळ भागात 1,30,000 रुपये धरले आहेत. कपडे आणि भांडी यांसाठी निकषांत बसणाऱ्या कुटुंबाला प्रत्येकी 2,500 रुपयांची तरतूद आहे. राज्य शासन एखाद्या आपत्तीत वाढीव दर जाहीर करते, त्यामुळे त्या वेळचा शासन निर्णय पाहावा. फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांसाठी मात्र या निकषांत वेगळी तरतूदच नाही, आणि नेमका येथेच बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो.

उपकरणांची भरपाई मिळालीच, तर ती विम्यातून मिळते. 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुराचा समावेश असून, इमारतीचा विमा घेतल्यास त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी बऱ्याच घरांत कपाटातच पडून असते. ती काढून वाचावी. भाडेकरूंना केवळ सामानाचाही विमा घेता येतो. नुकसानीची सूचना कंपनीला ताबडतोब द्यावी आणि दावा अर्ज 30 दिवसांच्या आत भरावा.

आता आमच्या कामाविषयी. भिजलेले उपकरण ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू करू नये, कारण त्यात जिवाला धोका आहेच, शिवाय कॉम्प्रेसर किंवा मोटर जळाल्यास ते नुकसान पुराचे की वापराचे, असा वाद उभा राहतो. गाळ काढण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची खूण, उपकरण आणि त्यावरील अनुक्रमांकाची पट्टी यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत वस्तू भंगारात देऊ नये. आम्ही मॉडेल, अनुक्रमांक, आढळलेला बिघाड आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च लिहून सही-शिक्क्यासह अहवाल देतो. न भिजलेल्या वस्तू त्यात घालण्याचा आग्रह कृपया धरू नये. एका खोट्या नोंदीने अख्खा दावा अडकतो.

अहवालाचे शुल्क आधी सांगितले जाईल, आणि तेच उपकरण आमच्याकडे दुरुस्त केल्यास ते बिलातून वजा केले जाईल.