विद्यार्थी विकास सिद्धांताचे उपयोजन

महाविद्यालयीन वयात विचार करण्याची रीत, स्वतःविषयीची जाण आणि इतरांशी असलेले नाते कसे बदलते, हे सांगणाऱ्या सिद्धांतांचा अध्यापन, वसतिगृह, समुपदेशन अशा कामांत केलेला वापर. ही परंपरा मुख्यतः अमेरिकेतली. विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे, तर समग्र व्यक्तिमत्त्वाचा विचार व्हावा, ही भूमिका अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ मध्ये मांडली. विकास नेमका कशाचा आणि कसा होतो, याचे सिद्धांत मात्र प्रामुख्याने १९६० नंतर आले.

व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडलेले सूत्र मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्ड यांचे: आव्हान आणि आधार. आव्हान झेपेनासे झाले की विद्यार्थी माघार घेतो. नुसताच आधार मिळाला की जागचा हलत नाही. प्रमाण कोणाला किती, हे ठरवण्यासाठी तो कुठे उभा आहे ते कळावे लागते.

हार्वर्डमधील मुलाखतींवरून विल्यम पेरी यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, ज्ञानाकडे पाहण्याच्या नऊ अवस्था इथे कामी येतात. एकाच घटनेची दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे शिकवली, की ‘सर, परीक्षेत कोणतं लिहू?’ हा प्रश्न ठरलेला. शिक्षकाला तो आळस वाटतो. पेरींच्या चौकटीत मात्र ज्ञान म्हणजे जाणकाराकडचे एकमेव बरोबर उत्तर, ही त्या मुलाची प्रामाणिक समजूत असते. त्याला थेट ‘स्वतःचे मत लिहा’ सांगणे फुकट. आधी तुलनेचे निकष, ठोस उदाहरणे आणि बांधीव कृती द्यावी. पुढे ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणू लागला, की पुरावा मागावा. ली नेफलकँप आणि कॅरोल विडिक यांनी याच धर्तीवर अध्यापनपद्धती रचली.

आर्थर चिकरिंग यांनी सांगितलेल्या विकासाच्या सात दिशा (१९६९), जसे भावना हाताळणे, परिपक्व नाती जोडणे, वसतिगृहात अधिक दिसतात. खोलीतील दोघे भांडले, तर खोली बदलून देण्याआधी त्यांना समोरासमोर बसवून राहण्याचे नियम लिहायला लावतात.

पेरींचे निष्कर्ष प्रामुख्याने हार्वर्डच्या मुलग्यांवर बेतलेले होते, हा रास्त आक्षेप. स्वतंत्र निर्णय हीच परिपक्वता मानून, घरच्यांना विचारून शाखा निवडणारी मुलगी ‘अपरिपक्व’ ठरवणे हा तर अशा चौकटींचा सरळ गैरवापर.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने (२०१६) आणलेल्या ‘विद्यार्थी विकास मंडळा’चे नाव जुळते, पण कूळ वेगळे: ते आधीच्या विद्यार्थी कल्याण मंडळाचे. पुणे विद्यापीठात या मंडळाकडे असलेल्या ‘कमवा व शिका’ योजनेमागची कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली आहे.