‘डेक्स्टर’चा पहिला भाग आणि २००८ ची कात्री : पार्श्वभूमी

‘डेक्स्टर’चा पहिला भाग शोटाइम या सशुल्क अमेरिकी वाहिनीवर १ ऑक्टोबर २००६ रोजी दाखवला गेला. या मालिकेचा नायक डेक्स्टर मायामी पोलिसांसाठी रक्ताच्या डागांचे विश्लेषण करतो आणि ठरलेल्या नियमांनुसार खुन्यांनाच गुपचूप ठार मारतो. खुनी सुरुवातीलाच दाखवायचा आणि तो कसा सापडतो यात प्रेक्षकाला गुंतवायचे, हा प्रकार त्याआधीही होता. ‘कोलंबो’ या अमेरिकी पोलीस मालिकेने १९७० च्या दशकात तो घरोघर पोहोचवला. पण तिथे प्रेक्षक पोलिसाच्या बाजूने असे. ‘डेक्स्टर’ने त्याला खुन्याच्या डोक्यात नेऊन बसवले. पुढचे सगळे वाद इथूनच निघाले.

या भागाची खरी कामगिरी सुरुवातीच्या काही मिनिटांत आहे. मायामीतली रात्र, गाडी, शांत आवाजातले स्वगत. मागच्या सीटवर दबा धरलेला नायक पुढच्या माणसाच्या गळ्याभोवती तार आवळतो आणि त्याला एका ओसाड जागी नेतो. या माणसाने मारलेल्या मुलांचे मृतदेह तिथे आधीच उकरून ठेवलेले आहेत. ते त्याला बघायला लावले जाते, गुन्हा त्याच्या तोंडून वदवून घेतला जातो, आणि त्यानंतरच टेबल, प्लॅस्टिक, गालावरची चीर, काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब. हा क्रम उलटा असता, आधी टेबल आणि मग मुले, तर बहुतेक प्रेक्षक तिथेच उठून गेले असते. आधी अपराध आणि मग शिक्षा अशी मांडणी झाल्यामुळे प्रेक्षक नकळत फिर्यादी होऊन बसतो.

मूळ कादंबरी २००४ ची. तिच्यात हा पहिला बळी पाद्री आहे. मालिकेत तो मुलांच्या गायनवृंदाचा संचालक आणि संसारी गृहस्थ झाला. बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्यामुळे बळी आणि नायक एकाच साच्यातले ठरतात. दोघेही दिवसा सभ्य. नायकाने मान्य केलेल्या नियमावलीचा धाक यामुळे जास्त बोचरा होतो.

बाकीचा भाग पायलटची, म्हणजे कोणत्याही मालिकेच्या पहिल्या भागाची, नेहमीची कामे उरकतो. पोलीस असलेल्या दत्तक वडिलांनी घालून दिलेले नियम फ्लॅशबॅकमधून येतात, बहीण आणि मैत्रीण ओळखीच्या होतात, आणि रक्ताचा एक थेंबही न उरलेले, नेटकेपणाने कापलेले मृतदेह सापडू लागतात. हा दुसरा खुनी शेवटी नायकाच्या घरच्या फ्रिजमध्ये तुकडे केलेली बाहुली ठेवून जातो, आणि पहिल्या हंगामाच्या १२ भागांचा धागा त्या एका बाहुलीवर बांधला जातो. या भागाचे चित्रीकरण मायामीत झाले. पुढचे भाग मुख्यतः कॅलिफोर्नियात, लाँग बीचच्या परिसरात.

आता २००८ चा निर्णय. अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. नव्या मालिकांचा साठा संपत आलेल्या मोठ्या वाहिनीने, म्हणजे सीबीएसने, आपल्याच समूहातल्या शोटाइमची ही मालिका उचलली. १७ फेब्रुवारीपासून रविवारी रात्री दहाला पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा संप मिटून काही दिवस लोटले होते. शोटाइमवर तिला ‘टीव्ही-एमए’ हा केवळ प्रौढांसाठीचा दर्जा होता. कापून-सांधून तिला ‘टीव्ही-१४’ मध्ये, म्हणजे १४ वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य ठरू शकणाऱ्या कार्यक्रमांच्या दर्जात, बसवण्यात आले.

या कामातली मेख कायद्यात आहे. अमेरिकेत मोकळ्या लहरींवरच्या, म्हणजे अँटेनावर फुकट दिसणाऱ्या, सीबीएससारख्या वाहिन्यांना पहाटे सहा ते रात्री दहा या वेळेत अश्लील मजकूर दाखवता येत नाही, आणि तिथे अश्लीलता म्हणजे लैंगिक दृश्ये व शिव्या. हिंसा त्या व्याख्येत येत नाही. दूरसंचार नियामकाने एप्रिल २००७ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात हिंसेवरही बंधन आणता येईल असे सुचवले होते, पण कायदा झाला नाही. रात्री दहाची ही मालिका अमेरिकेच्या मध्य भागात नऊलाच दिसे, त्यामुळे शिव्या आणि नग्नता काढायला कायद्याचा वा दंडाचा धाक होता, रक्ताच्या बाबतीत प्रश्न उरला तो फक्त वाहिनीच्या स्वतःच्या मापदंडाचा आणि जाहिरातदारांच्या नाराजीचा. शिवाय वेळेचे गणित वेगळेच. मूळ पहिला भाग पन्नास मिनिटांहून मोठा. मोठ्या वाहिनीच्या एका तासात जाहिराती वगळता तेव्हा साधारण ४२-४३ मिनिटे उरत. इतकी काटछाट करायची तर कात्री रक्तावरच नव्हे, संथ दृश्यांवरही चालते.

एका पालक-संघटनेने प्रसारणाला कडाडून विरोध केला. तिचा मुद्दा रक्तापुरता नव्हता. ही मालिका प्रेक्षकाला खुन्याविषयी सहानुभूती बाळगायला, तो पकडला जाऊ नये असे वाटायला लावते, हे तिचे म्हणणे होते. संघटनेच्या मागणीशी सहमत होण्याची गरज नाही, पण निदान अचूक होते. संपादन कक्षात करवत दिसणारे शॉट लहान करता येतात, शिवीवर दुसरा शब्द चढवता येतो. स्वगत काढता येत नाही, कारण ते काढले तर कथाच उरत नाही. उलट, रक्त जितके कमी होते तितका आवाज ठळक होतो. जे कापले त्याने हा भाग सौम्य झाला नाही. तो अधिक लाघवी झाला. दर्जा ठरवणाऱ्या पद्धतीत भाषा, लैंगिकता आणि हिंसा यांना खूण आहे. प्रेक्षकाला कोणाच्या बाजूला बसवले, याला कोणतीच खूण नाही. पालकांना नको ते कार्यक्रम रोखू देणारी, २००० पासून १३ इंच व त्यावरील टीव्ही संचात सक्तीची झालेली व्ही-चिपही त्या खुणाच वाचते.

२००८ च्याच ऑक्टोबरमध्ये कॅनडातील एडमंटन येथे एका होतकरू दिग्दर्शकाने खून केला. तो या मालिकेचा चाहता असल्याचे खटल्यात पुढे आले आणि २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मालिकेचा संबंध त्याने स्वतः नाकारला. वादात हे प्रकरण पुरावा म्हणून वापरले जाते, तसे ते वापरू नये.

नायकाच्या व्यवसायाची बाजूही पुढे डळमळीत झाली. रक्ताच्या डागाची रुंदी भागिले लांबी, त्यावरून आघाताचा कोन: गुणोत्तर ०.५ आले तर ३० अंश. त्या कोनातून दोऱ्या ताणल्या की उगमबिंदू मिळतो. कागदावर हे चोख आहे. पण थेंब सरळ रेषेत जात नाहीत, गुरुत्वाकर्षणाने खाली वळतात, त्यामुळे दोऱ्यांनी काढलेला उगम खऱ्या उंचीपेक्षा वर येतो. खडबडीत पृष्ठभागावर डागाची कडच नीट मोजता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने या पद्धतीतल्या अनिश्चिततेवर कठोर शब्दांत बोट ठेवले.

२०१३ मध्ये बेलफास्टमध्ये घडणाऱ्या ‘द फॉल’नेही खुन्याला पहिल्याच भागात त्याच्या बायको-मुलांसह दाखवले, पण त्याला स्वगत दिले नाही; तिथे प्रेक्षक त्याला बाहेरूनच न्याहाळतो. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवर वयोगट आणि आशयाची सूचना दाखवावी लागते. त्या सूचनाही हिंसा, भाषा, लैंगिकता, अमली पदार्थ अशा खुणांपाशीच थांबतात.

प्रेक्षकाला खुन्याच्या बाजूला बसवते ते स्वगत, हे ‘डेक्स्टर’च्या कर्त्यांना मात्र कळले होते. नोव्हेंबर २०२१ च्या ‘न्यू ब्लड’ या पुढच्या मालिकेच्या पहिल्या भागात नायक बराच काळ गप्प आहे, तो पुन्हा खून करतो तेव्हाच स्वगत परत येते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या तरुणपणाची ‘ओरिजिनल सिन’ ही मालिका आली. त्यात पडद्यावर नवा नट आहे, स्वगताचा आवाज जुन्याच नटाचा.