मज्जारज्जूच्या दुखापतीची शुश्रूषा शिकवली कशी गेली

१९१७ साली जर्मन साम्राज्यातल्या एका खाणकामगारांच्या रुग्णालयात लुडविग गुटमन नावाचा तरुण स्वयंसेवक म्हणून काम करत होता. पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथे आला. गुटमन त्याच्या नोंदी लिहू लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की याची तसदी घेऊ नकोस, हा काही आठवड्यांतच जाणार. आणि तो गेलाही.

ते सांगणारे निर्दयी नव्हते, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका पपायरसात मानेचा मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचं अचूक वर्णन आहे, आणि शेरा आहे की हा उपचार करण्याजोगा आजार नाही. विसाव्या शतकापर्यंत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हाच शेरा वेगवेगळ्या शब्दांत गिरवला. पहिल्या महायुद्धात कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांपैकी बहुतेकांना पाठीवरच्या चिघळलेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने नेलं. दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या होत्या. पण त्या टाळायच्या कशा, हे शिकवणारं कोणी नव्हतं.

अमेरिकेत डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ मध्ये बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलात या रुग्णांसाठी वेगळा विभाग काढला. तरी खरं वळण आलं ते इंग्लंडमध्ये. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडावी लागलेल्या गुटमन यांच्याकडे १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडविल रुग्णालयातला नवा विभाग सोपवण्यात आला. त्यांच्याकडे कुठलं नवं औषध नव्हतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. उशा कुठे लावायच्या हे ठरलेलं. कातडी रोज तपासायची. लघवीची नळी निर्जंतुक पद्धतीनेच घालायची. हे करणार होत्या परिचारिका आणि वॉर्डातले मदतनीस. त्यामुळे त्यांना शिकवणं हाच गुटमन यांचा उपचार होता, असं मला मनापासून वाटतं. रात्री-अपरात्री वॉर्डात येऊन कूस बदलली की नाही, हे ते स्वतः पाहत.

शिकणाऱ्यांत पुढे रुग्णही आले. लांब दांड्याच्या आरशात आपली पाठ आणि नितंब पाहायचे, दाबल्यावरही न मावळणारी लाली दिसली तर त्या जागेवर भार द्यायचा नाही, व्हीलचेअरवर थोड्या थोड्या वेळाने पुढे वाकून किंवा हातांवर अंग उचलून दाब हलका करायचा. हे धडे रुग्णाने आयुष्यभर स्वतःच स्वतःला द्यायचे असतात. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी रुग्णाला ती स्वतः वेळच्या वेळी घालता येते. त्यामुळे आणखी एक काम रुग्णालयातून घरी आलं आणि त्याबरोबर ते शिकवण्याची जबाबदारीही.

स्टोक मँडविलला देशोदेशींचे डॉक्टर येऊन शिकत. बार्सिलोनात १९६५ मध्ये उघडलेली गुटमन यांच्या नावाची संस्था मात्र तिथे उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या पुढाकाराने उभी राहिली. १९६१ मध्ये या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटना स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिचं नियतकालिकही निघालं. अमेरिकेत १९८२ साली तपासणीचे निकष पहिल्यांदा ठरले. आजच्या रूपात त्यांत हे येतं: शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी स्पर्श आणि टोचणी, दहा स्नायूंची ताकद आणि गुदद्वाराजवळची संवेदना. ही शेवटची तपासणी संकोचाने टाळली, तर इजा पूर्ण की अपूर्ण, म्हणजे अगदी खालपर्यंत काही जाणीव किंवा हालचाल उरली आहे की नाही, हेच कळत नाही. दोन डॉक्टरांचं उत्तर एकच यावं म्हणून या एका तपासणीचं वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं. १९९५ मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूच्या दुखापतीला वैद्यकातली स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली.

प्रश्न उरला तो विशेष केंद्रांबाहेरच्या दवाखान्यांचा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर नळी तुंबून मूत्राशय भरण्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. गुटमन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी १९४७ मध्येच याचा अभ्यास मांडला होता. अशा रुग्णाचा एरवीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा त्याच्यासाठी धोक्याचा असू शकतो. हे न शिकलेला डॉक्टर तोच आकडा पाहून निश्चिंत होतो. आधी रुग्णाला उठून बसवायचं, कपडे सैल करायचे आणि नळी तपासायची, हे घरच्यांना ठाऊक असतं, पण कित्येकदा त्यांचं ऐकलं जात नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत जिव्हारी लागणारी उणीव हीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या अहवालात म्हटलं की दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांना अशी दुखापत होते आणि त्यांच्या अकाली मृत्यूची शक्यता इतरांपेक्षा दोन ते पाच पट असते. त्याच सुमाराला १९६१ मध्ये स्थापन झालेल्या त्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेने इंटरनेटवर मोफत पाठ्यक्रम खुला केला होता. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, समाजसेवक अशा प्रत्येकासाठी त्यात वेगळे पाठ आहेत आणि स्वतः दुखापत सोसून इतरांना आधार देणाऱ्यांसाठीही. पडद्यावर पाहून कारणं कळतात आणि क्रमही कळतो. पण लुळ्या पायांच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेताना आपला गुडघा कुठे टेकवायचा आणि त्याच्या खांद्याला कुठे धरायचं नाही, हे अजूनही जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.