हाइझमन कोच वेगळा, हाइझमन ट्रॉफी वेगळी

डिसेंबर आला की अमेरिकेत "यंदा हाइझमन कोणाला?" ही चर्चा सुरू होते, म्हणजे कॉलेजातल्या अमेरिकन फुटबॉलच्या बेस्ट प्लेयरची ट्रॉफी, आणि नवीन माणसाला साहजिकच वाटतं की हाइझमन कोणीतरी भन्नाट प्लेयर असणार आणि ट्रॉफीवर बॉल काखेत धरून, दुसरा हात पुढे करून पळणारा तो पुतळा त्याचाच असणार. तर नाही. त्या पुतळ्यासाठी एड स्मिथ नावाचा न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा प्लेयर पोझ देऊन उभा राहिला होता, घडवला फ्रँक एलिस्कूने.

जॉन हाइझमन कॉलेजात खेळला होता, पण नाव झालं ते कोच म्हणून. जन्म 1869 चा, क्लीव्हलँडचा. शिक्षण वकिलीचं, पण 1892 ला ओबर्लिन कॉलेजची टीम हातात घेतली आणि मग ऑबर्न, क्लेम्सन असं करत करत 1904 ते 1919 जॉर्जिया टेकला. तिथलीच ती 1916 ची कंबरलंड कॉलेजविरुद्धची मॅच, टेकने जिंकलेली, 222-0! हाफ टाइमलाच 126-0 होतं. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलंडने टेकला 22-0 ने धुतलं होतं, त्याचा राग होता म्हणतात. लोक हाइझमन म्हटलं की हाच स्कोअर सांगतात, आणि मला ते खरंच पटत नाही, कारण त्याचं मोठं काम दुसरंच आहे.

त्या काळचा खेळ म्हणजे नुसती घुसाघुशी, एकमेकांवर पडायचं आणि ढकलत पुढे जायचं, पोरं मरायची अक्षरशः, 1905 च्या सीझननंतर तर हा खेळच बंद करा अशी ओरड झाली. बॉल हाताने पुढे फेकायला परवानगी द्या म्हणजे प्लेयर मैदानभर पसरतील, हे हाइझमन रूल्स कमिटीच्या मागे लागून सांगत होता आणि 1906 ला फॉरवर्ड पास नियमात आला. आज क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा बॉल फेकणारा प्लेयर, लांब बॉल फेकतो ना, त्यामागे या माणसाची चिकाटी आहे. एकट्याची नाही, पण आहेच.

आता ट्रॉफी. कोचिंग सोडल्यावर तो न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये नोकरीला होता, क्लबने 1935 ला कॉलेज प्लेयरसाठी बक्षीस सुरू केलं, पहिलं शिकागो युनिव्हर्सिटीच्या जे बर्वँगरला. तेव्हा नाव होतं साधं, क्लबच्या नावाची ट्रॉफी. ऑक्टोबर 1936 मध्ये हाइझमन न्यूमोनियाने गेला आणि मग त्याचं नाव दिलं. म्हणजे या नावाने ट्रॉफी घेणारा पहिला प्लेयर येलचा लॅरी केली, 1936 चा, आणि ती त्याच्या हातात पडलेली बघायला हाइझमन नव्हता.