कोपर ते मनगट: फ्रॅक्चरचा कोड कसा ठरतो, कोणते कागद लागतात

‘डिस्टल रेडियस फ्रॅक्चर, प्लॅस्टर घातलं, दोन आठवड्यांनी बोलावलं.’ मनगटाजवळ हाड मोडल्याच्या एवढ्या नोंदीवर रुग्णाचा हात बरा होतो, पण कोड निघतो तो एस५२.५०९ए. म्हणजे कुठल्या हाताचं आणि कुठल्या प्रकारचं, काहीच न सांगणारा कोड. विम्याचे क्लेम अडकतात ते बहुतेक अशाच नोंदींवर. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या निदानाला कोड देण्याच्या पद्धतीत या फ्रॅक्चरचा कोड पूर्ण सात अक्षरांचा असावा लागतो आणि त्यातलं प्रत्येक अक्षर कागदावर कुठेतरी लिहिलेलं सापडावं लागतं.

कोणतं फ्रॅक्चर एस५२ मध्ये बसतं?

रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड, अल्ना करंगळीच्या बाजूचं. मार लागून यांपैकी एक किंवा दोन्ही मोडली असतील तर कोड एस५२ मध्ये शोधायचा. कोपराचं टोक, म्हणजे ओलेक्रेनन, हा अल्नाचाच भाग असल्याने तोही इथेच येतो. मनगटातली छोटी हाडं मात्र एस६२ मध्ये जातात आणि दंडाच्या हाडाचं खालचं टोक एस४२ मध्ये.

सर्वांत जास्त चुका ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णांत होतात. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आधीपासून असलेली आजी उभ्या उभ्या घसरली आणि मनगटाजवळ हाड मोडलं, तर ‘पडली’ हा शब्द वाचून कोडरचा, म्हणजे नोंदी वाचून कोड देणाऱ्याचा, हात सरळ एस५२ कडे जातो. नियम वेगळा आहे. निरोगी हाड ज्या किरकोळ पडण्याने सहसा मोडत नाही, तशा पडण्याने अशा रुग्णाचं हाड मोडलं तर एम८० गटातला कोड द्यायचा. वयोमानाचा ऑस्टिओपोरोसिस आणि उजवा हात असेल तर एम८०.०३१. वारंवार ताण पडून आलेली भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, एम८४.३ मध्ये.

कागद कोणते हवेत?

पहिल्या तपासणीची नोंद, एक्स-रेचा अहवाल, ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद, आणि नंतरच्या प्रत्येक भेटीची तारखेसह नोंद. दुखापत कशी, कुठे आणि काय करताना झाली हेही लिहिलेलं असावं, कारण बाह्य कारणाचे कोड त्यावरूनच मिळतात. भरती रुग्णाच्या बाबतीत निव्वळ एक्स-रे अहवालावरून फ्रॅक्चरचं निदान उचलता येत नाही, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. त्यांनी ते लिहिलं असेल, तर हाडाच्या नेमक्या जागेचा तपशील अहवालातून घेता येतो.

कोड कसा उभा राहतो?

चौथं अक्षर हाडाचा भाग सांगतं, पाचवं प्रकार, आणि सहावं बहुधा हाताची बाजू. काही ठिकाणी हाड सरकलं की जागेवर आहे, हेही सहाव्यातच येतं. उजव्या हाताचं कोलिस फ्रॅक्चर (मनगटाजवळ रेडियस मोडून तुकडा मागे सरकणं) एस५२.५३१, डाव्या हाताचं मॉन्टेजिया (अल्ना मोडून कोपरापाशी रेडियस निखळणं) एस५२.२७२, उजव्या हाताचं गॅलियाझी (रेडियस मोडून मनगटापाशी अल्नाचा सांधा निखळणं) एस५२.३७१. हाड सरकलंय की नाही याची नोंद नसेल तर सरकलेलं धरायचं. जखम उघडी, म्हणजे कातडी हाडापर्यंत फाटलेली, की बंद, हे नसेल तर बंद धरायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० वर शिकलेल्यांनी इथे जपून राहावं. तिच्यात एस५२.६ म्हणजे दोन्ही हाडांची खालची टोकं. सीएममध्ये तोच कोड फक्त अल्नाच्या खालच्या टोकाचा आहे. दोन्ही हाडं मोडली असतील तर सीएममध्ये दोन स्वतंत्र कोड द्यावे लागतात.

आता सातवं अक्षर. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, हा समज मी नव्या कोडरांत वारंवार पाहते आणि तो मुळातून चुकीचा आहे. सातवं अक्षर भेटींची मोजणी करत नाही, उपचाराचा टप्पा सांगतं. आपत्कालीन विभागात स्प्लिंट बांधली, दोन दिवसांनी अस्थितज्ज्ञांनी तपासलं, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं: तिन्ही वेळा ‘ए’, कारण सक्रिय उपचार अजून चालू आहे. पुढे प्लॅस्टर काढायला किंवा हाड जुळतंय का हे एक्स-रेवर पाहायला रुग्ण आला की ‘डी’. हाड उशिरा जुळत असेल तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’. ही सगळी अक्षरं बंद फ्रॅक्चरची.

उघड्या फ्रॅक्चरला गुस्टिलो वर्गीकरण, म्हणजे जखमेच्या गंभीरतेवरून पाडलेले तीन प्रकार, लागतं. प्रकार एक आणि दोनला ‘बी’, प्रकार तीनच्या तिन्ही पोटप्रकारांना ‘सी’. वर्गीकरण लिहिलेलं नसेल तर ‘बी’. जखमेचं वर्णन वाचून कोडरने स्वतः प्रकार ठरवायचा नाही. डॉक्टरांना लेखी विचारावं, आणि ‘हे प्रकार तीनच ना?’ असं उत्तर सुचवून विचारू नये. नोंदीतलं वर्णन समोर ठेवून प्रकार लिहायची विनंती करावी.

उपचाराचा कोड निराळा असतो, तो सीपीटीमधून, म्हणजे अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडांच्या यादीतून, येतो. रेडियसच्या खालच्या टोकाचं हाड न बसवता फक्त प्लॅस्टर घातलं तर २५६००, हाताने बसवून घातलं तर २५६०५. त्याच वेळी अल्नाच्या टोकाचा स्टायलॉइड, म्हणजे बारीक उंचवटा, तुटला असेल, तर निदानाचे कोड दोन होतात, पण त्याचा बंद उपचार या एकाच सीपीटी कोडमध्ये धरलेला असतो. पहिलं प्लॅस्टर आणि पुढच्या ९० दिवसांतल्या नेहमीच्या भेटीही मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या विमा योजनेच्या) हिशेबात त्यातच मोडतात. एक्स-रे वेगळा लावता येतो.